नेमक्या नावाची यादी

परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचे ‘परभणी क्रांती’ हे वाण तयार केले. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास तोंड देणारे म्हणून ते नावारूपास आले. हे वाण हवे असेल, तर दुकानात नुसते ‘भेंडीचे बी’ मागून भागत नाही. वाणाचे नाव सांगावे लागते. संकेतस्थळ उभारतानाही असाच नेमकेपणा लागतो.

समजा, सेलूच्या एका शाळेला आपले संकेतस्थळ उभारावयाचे आहे. त्याचा पाया म्हणजे वर्डप्रेस. २००३ साली ही प्रणाली निघाली ती रोजनिशीवजा लेखन प्रसिद्ध करण्यासाठी. आज तिच्यावर शाळांची, वृत्तपत्रांची, दुकानांचीही संकेतस्थळे चालतात. परंतु केवळ पायाने घर होत नाही. छायाचित्रे मांडणारा एक भाग लागतो, पालकांचे अर्ज घेणारा दुसरा. हे जोडभाग, म्हणजे प्लगइन, इतरांनी लिहिलेले असतात. आणि त्यांतील पुष्कळांना आणखी कोणाच्या तरी कामाचा आधार लागतो. शिवाय प्रत्येकाच्या नव्या आवृत्त्या निघतच असतात. ते एकेक करून हाताने उतरवून घेतले, तर सेलूत उत्तम चालणारे संकेतस्थळ परभणीच्या संगणकावर बंद पडू शकते. तेथे एखादी आवृत्ती निराळी आलेली असते, आणि दोष काही केल्या सापडत नाही!

वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहे, तिच्यासाठी २०१२ साली ‘कंपोझर’ हे साधन निघाले. एका लहानशा फाइलीत हव्या त्या भागांची नावे व चालतील त्या आवृत्त्या लिहावयाच्या. हे साधन भांडारातून ते भाग आणते, त्यांचे आधारही आणते. दोन भागांच्या मागण्या परस्परविरोधी असतील, तर काम थांबवून तसे सांगते. शेवटी नेमके काय आणले याची ते दुसरी फाइल लिहिते. तिला ‘लॉक फाइल’ म्हणतात, आणि खरे महत्त्व तिचेच. ती सोबत दिली की परभणीतही त्याच आवृत्त्या उतरतात.

मात्र भांडारातूनच एखादा भाग नाहीसा झाला, तर यादी काय करणार? जावास्क्रिप्ट भाषेसाठी एनपीएम नावाचे असेच भांडार आहे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वादावरून तेथील आपले भाग काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा भाग होता. मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरणे, एवढेच त्याचे काम! तरी त्याच्यावाचून जगभरचे हजारो प्रकल्प अडले. काही तासांतच तो परत ठेवण्यात आला, आणि प्रसिद्ध झालेला भाग इतक्या सहजी काढून घेता येऊ नये म्हणून भांडाराचे नियमही बदलण्यात आले.