पानं मोजा, ईस्टर गाठा!

ईस्टरची तारीख आपल्या सणांसारखीच चंद्र बघून ठरते. २०२४ मध्ये ईस्टरचा रविवार ३१ मार्चला आला, तर २०२५ मध्ये थेट २० एप्रिलला. अमेरिकेतल्या चर्चमध्ये मात्र त्या दिवशी पांढरीशुभ्र, कर्ण्याच्या आकाराची ईस्टर लिली उमललेली हवीच. सोमवारी उमललेली कुंडी कोण विकत घेणार? आणि बागेत मोकळी वाढली तर ही लिली फुलते जून-जुलैत!

म्हणून कंदाला आधी खोटा हिवाळा दाखवतात. ओलसर पीटमधले कंद सुमारे सहा आठवडे, म्हणजे हजारेक तास, थंडीत राहतात. मग कुंड्या ग्रीनहाऊसच्या उबेत येतात आणि सुरू होते पानमोजणी. जानेवारीत चार-पाच रोपं चक्क बळी जातात. एकेक पान सोलत जायचं, पोटातली इवलाली पानं सुईनं सुटी करून भिंगाखाली मोजायची, अगदी कळीच्या टोकापर्यंत. ऐंशी-नव्वद पानं सहज निघतात. किती उलगडली, किती उरली, दिवस किती राहिले? भागाकार केला की रोजचा वेग कळतो. रोप मागे पडलं तर ऊब वाढवायची, पुढे पळालं तर कमी करायची. फुलशेतीतलं इतकं देखणं गणित मला दुसरं ठाऊक नाही. रोप लंबू होऊ नये म्हणून सूर्योदयाच्या सुमारास दोनेक तास गारवाही देतात.

ही लिली मूळची जपानच्या र्‍युक्यू बेटांवरची. लुई हॉटन नावाचा सैनिक १९१९ मध्ये सुटकेसभर कंद घेऊन ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटला. १९४१ मध्ये अमेरिका-जपान युद्ध पेटलं, जपानी कंद बंद झाले आणि भाव असे कडाडले की लोक कंदांना ‘पांढरं सोनं’ म्हणू लागले! १९४५ पर्यंत बाराशेच्या आसपास शेतकरी यात उतरले होते. आज उरलेत मोजके, कॅलिफोर्निया-ओरेगॉन सीमेवरच्या चिंचोळ्या पट्टीत. तिथल्या शेतात कळ्या खुडून टाकतात, म्हणजे सगळा जोर कंदात उतरतो. तरीही विक्रीजोगा कंद व्हायला तीन वर्षं लागतात.

फूल उमलताच पिवळे परागकोश चिमटीनं काढा. पाकळ्यांवर डाग पडत नाहीत आणि फूल जास्त टिकतं. पण घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. अंगावरचे पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्याकडे गुच्छात मिळणाऱ्या एशियाटिक आणि ओरिएंटल लिलीही तितक्याच घातक आहेत.