डुकरांचे द्रवखत आणि डेन्मार्कचा समुद्र

डेन्मार्कमध्ये माणसांच्या जवळपास दुप्पट डुकरे आहेत आणि त्यांच्या मलमूत्राचे काय करायचे, हा प्रश्न तिथे शेतीपुरता न राहता भूजलाचा आणि समुद्राचाही झालेला आहे. आधुनिक वराहगृहात डुकरे फटी ठेवलेल्या काँक्रीटच्या जमिनीवर राहतात. विष्ठा, मूत्र, सांडलेले पाणी आणि धुण्याचे पाणी त्या फटींतून खालच्या खड्ड्यात उतरते व तिथून बाहेरच्या मोठ्या टाकीत जाते. या काळपट मिश्रणाला द्रवखत किंवा स्लरी म्हणतात. त्यातील घनपदार्थ चार टक्क्यांच्या आसपास असले, तर एका घनमीटरमध्ये, म्हणजे हजार लिटरमध्ये, साधारण ३.६ किलो नत्र, १.५ किलो स्फुरद आणि २.२ किलो पालाश मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत जेवढे नत्र असते, तेवढ्यासाठी जवळपास पावणेसहा हजार लिटर स्लरी लागते, म्हणूनच हे खत लांब वाहून नेणे परवडत नाही आणि ते बहुधा वराहगृहाच्या आसपासच्या जमिनीवरच पडते.

या खताचे खरे बळ आणि खरा धोका एकाच गोष्टीत आहे. त्यातील बहुतांश नत्र अमोनियमच्या रूपात असते आणि पीक ते लगेच उचलू शकते, तर शेणखतातील नत्र कुजत कुजत सावकाश मोकळे होते. पण हेच अमोनियम उघड्या हवेत, विशेषतः ऊन आणि वारा असताना, अमोनिया वायू होऊन उडते आणि त्यातील मोठा भाग पसरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच जातो. जे जमिनीत मुरते त्याचे जिवाणू नायट्रेट बनवतात. अमोनियमवर धन विद्युतभार असल्याने चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर खाली उतरत राहते. शेतात पीक नसेल आणि पाऊस चालू असेल, तर त्याला अडवणारे कोणीच नसते.

एकेकाळी डेन्मार्कमध्ये नेमके हेच घडत होते. टाक्या लहान होत्या, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर त्या रिकाम्या कराव्या लागत आणि स्लरी उघड्या शेतांवर पडे. तिच्यातले नत्र ओढ्यांतून, खाड्यांतून समुद्रात पोहोचे. तिथे शेवाळ माजते, ते मरून तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. १९८६ च्या शरद ऋतूत कातेगातच्या समुद्रात मच्छीमारांना मेलेल्या शेवंडी सापडल्या, दूरचित्रवाणीवर ती दृश्ये देशभर दिसली आणि पुढच्याच वर्षी संसदेने जलपर्यावरण कृती आराखडा मंजूर केला, ज्याचे उद्दिष्ट नत्राची गळती निम्म्याने आणि स्फुरदाची ८० टक्क्यांनी कमी करण्याचे होते. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाचा नायट्रेट निर्देश आला आणि जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोहून अधिक नत्र देऊ नये, ही मर्यादा त्यातून रुजली. वर दिलेल्या मोजमापाने ती हेक्टरी ४७ घनमीटर स्लरी भरते.

त्यानंतरच्या नियमांचा गाभा वेळापत्रकात आहे. वराहपालकाकडे साधारण नऊ महिन्यांची स्लरी मावेल एवढी टाकी असली पाहिजे, कारण तरच ती वसंतापर्यंत, म्हणजे हिवाळी गहू वाढीला लागून नत्र मागू लागेपर्यंत, थांबू शकते. टाकी झाकलेली हवी. गुरांच्या स्लरीवर आपोआप साय धरते, डुकरांच्या स्लरीवर ती सहसा धरत नाही, म्हणून चिरलेला पेंढा पसरून तसा थर तयार करतात किंवा वर तंबूसारखे छत उभारतात. तबकडीवर आपटून हवेत फवारा उडवण्याची जुनी पद्धत बंद करण्यात आली. आता टँकरमागे पंखांसारखे पसरलेले लांब दांडे असतात, त्यांना फूटभर अंतराने रबरी नळ्या लोंबत असतात आणि त्या उभ्या गव्हाच्या ओळींमध्ये मुळाशी काळे पट्टे सोडत जातात. पाने स्वच्छ राहतात आणि पिकाच्या सावलीमुळे अमोनिया कमी उडतो. उघड्या जमिनीत दात्यांनी चर पाडून स्लरी थेट मातीत सोडतात. काही ठिकाणी तिच्यात गंधकाम्ल मिसळून सामू सहाच्या खाली आणतात, म्हणजे अमोनियम वायुरूप घेत नाही आणि पिकाला गंधकही मिळते.

सर्वांत परिणामकारक नियम मात्र हिशेबाचा होता. डुकरांच्या स्लरीतील १०० किलो नत्र हे रासायनिक खताच्या ७५ किलो नत्राइतके धरले गेले आणि तेवढी कपात शेतकऱ्याच्या रासायनिक खताच्या कोट्यातून झाली, त्यामुळे स्लरी विल्हेवाटीची वस्तू न राहता जपण्याची वस्तू झाली. सांडपाणी शुद्धीकरण आणि शेतीतील हे बदल मिळून, समुद्रात जाणारे नत्र १९९० नंतरच्या दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आले.

तरीही तंत्राला मर्यादा आहे. पिकाला लागणाऱ्या नत्राच्या मानाने स्लरीत स्फुरद जास्त असते, त्यामुळे नत्राच्या हिशेबाने मात्रा दिली की स्फुरद वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. डुकरांच्या खाद्यातले तांबे आणि जस्तही तसेच साठते. जमिनीच्या मानाने जनावरेच जास्त असतील, तर नळ्या, छते आणि आम्ल यांनी गळती कमी होईल, थांबणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये वायले फ्योर्ड या खाडीची नागरिकांनी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली, आणि त्याच वर्षी लागवडीखालची काही जमीन काढून घेऊन तिथे अडीच लाख हेक्टर नवे जंगल उभारण्याचा निर्णय डेन्मार्कच्या राजकीय पक्षांनी घेतला, हे या मर्यादेचे स्पष्ट निदर्शक आहे.

महाराष्ट्रात वराहपालन थोडे आहे, परंतु गोबरगॅसची स्लरी अनेक शेतांवर वापरली जाते आणि तिचे रसायन वेगळे नाही. गॅस तयार होताना शेणातील काही नत्र अमोनियमच्या रूपात येते, त्यामुळे उघड्या खड्ड्यातली स्लरी उन्हात नत्र गमावते. खड्ड्यावर छाया करावी, स्लरी संध्याकाळी द्यावी, पीक वाढीत असताना द्यावी आणि दिल्याबरोबर मातीआड करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्लरी ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम बाहेर पडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की वास कळणेच बंद होते आणि माणूस क्षणात कोसळतो. बंद टाकीत किंवा खोल खड्ड्यात कोणीही उतरू नये, आत पडलेल्याला काढण्यासाठी तर संरक्षक श्वसनयंत्राशिवाय मुळीच नाही.