कारवान श्वानाची पैदास आणि पिल्लांचे संगोपन

दख्खनच्या पठारावर, विशेषतः लातूर व सोलापूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील मुधोळ परिसरात, अरुंद डोक्याचा, खोल छातीचा व लांब पायांचा कारवान कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याला राजाश्रय दिला; पुढे २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. सशाची शिकार हे त्याचे परंपरागत काम. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ती आज गुन्हा आहे. तथापि राखणीसाठी आणि हौसेसाठी पिल्लांना मागणी असतेच, व मागणीबरोबर घाईही येते. ही घाई अनेकदा मादीच्या आणि पिल्लांच्या जिवावर बेतते.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीविषयी नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादीचे वय १८ महिन्यांहून कमी किंवा ८ वर्षांहून अधिक असता तिची वीण करता येत नाही. तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आणि ८ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. हे नियम शहरातील बड्या व्यावसायिकांपुरतेच आहेत, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. दारात दोन माद्या बांधून पिल्ले विकणारा शेतकरीही पैदासकारच होय.

जोडीची निवड हा पहिला कठीण प्रश्न. पंचक्रोशीत चांगले नर दोन-तीनच असतील, तर बाप-लेक वा भावंडे यांचीच वीण होते. अशा संबंधातून पिल्ले कमी व अशक्त होतात, आणि आनुवंशिक दोष वाढीस लागतात. दुसऱ्या तालुक्यातील नर शोधण्याचा खर्च टाळणे अंती महागात पडते.

मादी सुमारे ६३ दिवस गाभण राहते. शेवटच्या तीन आठवड्यांत तिचा आहार वाढवावा आणि विण्यासाठी कोरडी, आडोशाची जागा आधीच करून द्यावी. तिच्या शरीराचे तापमान नेहमीपेक्षा अंशभर उतरले, की बहुधा एका दिवसात ती विते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर पडत नसेल, तर घरगुती उपाय करीत न बसता पशुवैद्यकास बोलवावे.

खरी कसोटी पहिल्या दोन आठवड्यांत लागते. पिल्लू आंधळे व बहिरे जन्मते. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजणे हा हमखास होणारा प्रमाद आहे, कारण थंड शरीरात दूध पचत नाही. आधी ऊब द्यावी, मग दूध. पहिल्या दिवशी आईचा चीक मिळालाच पाहिजे. आरंभीची रोगप्रतिकारशक्ती त्यातून येते. आई मेली वा तिने पिल्लू दूर लोटले, तर गाईच्या दुधावर भागत नाही; कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश त्याच्या दुपटीहून अधिक असतात. शिवाय अशा पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते आणि ओल्या कापसाने पुसून लघवी करवावी लागते. रोज वजन करावे. वाण्याचा तराजू पुरेसा आहे. दहाएक दिवसांत वजन दुप्पट व्हावयास हवे. दूध पाजणारी मादी एकाएकी धापू वा कापू लागली, तर ती कॅल्शियमच्या कमतरतेची खूण समजून तत्काळ उपचार करावेत.

‘कोवळे पिल्लू लवकर लळा लावते’ असे सांगून चार आठवड्यांची पिल्ले विकली जातात. ही निव्वळ विक्रेत्याची क्लृप्ती आहे. चावा किती जोरात घ्यावा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे लहान मुलांना चावण्याचा संभव अधिक.

शिक्षकांनी जंतांची बाब मुलांना अवश्य सांगावी. पिल्लांना आईच्या पोटातूनच जंत मिळतात आणि त्यांची अंडी अंगणातील मातीतून मुलांच्या पोटात जातात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लू चावले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन आरोग्य केंद्र गाठावे.

नर पिल्ले खपतात. माद्या मागे राहतात आणि पुष्कळदा बाजाराच्या गावी सोडून दिल्या जातात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये हा अपराध आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी असल्याने, एकाने टाळलेला खर्च अखेर पंचायतीच्या माथी येतो. म्हणून पिल्ले कोण नेणार हे वीण करण्यापूर्वीच ठरावे. खात्री नसेल, तर मादीचे निर्बीजीकरण करून घ्यावे. ग्रामपंचायतीने पाळीव कुत्र्यांची, त्यांच्या वेतांची व लसीकरणाच्या तारखांची एक साधी नोंदवही ठेवली, तर शिबिराच्या दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना दारोदार विचारत फिरावे लागणार नाही.