सुलट, उलट आणि ऐकीव गोष्टी

घरातला एखादा बनियन किंवा टी-शर्ट घ्या, उजेडात धरा आणि कापड थोडं ताणून अगदी जवळून पाहा. उभ्या रांगांमध्ये 'व्ही' अक्षरासारखी बारीक नक्षी दिसेल. आता तोच कपडा आतून बाहेर करा. तिथे 'व्ही' नाहीत, आडव्या अर्धगोल कण्यांच्या ओळी आहेत. बाहेरचे ते सुलट टाके, आतले ते उलट टाके. स्वेटर, कानटोपी, मोजे यांचं कापडही हेच असतं, फक्त धागा जाड आणि टाके मोठे. 1589 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचं यंत्र बनवलं, त्यानेही हाताचाच टाका यंत्राकडून घालून घेतला. म्हणजे 'मला विणकाम कधी जमणारच नाही' असं म्हणणारी मुलगीही रोज विणलेलं कापड अंगावर घालत असते. तिने ते कधी निरखून पाहिलेलं नसतं, एवढंच.

ही सुरुवात मुद्दाम इथून केली. विणकाम शिकवताना आपल्याकडे हाताला वळण लावण्यावर सगळा भर असतो: सुई अशी धर, धागा असा घे, किती झाले ते मोज. सुईवरचा टाका कसा दिसतो, तो कुठून आला, कुठे अडकलाय, हे फार कमी जण दाखवतात. त्यामुळे चूक झाली की ती कळत नाही, आणि कळली नाही की तिच्याभोवती समजुती तयार होतात. विणकामाबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच आलेले आहेत, असं माझं मत आहे.

'आपल्याकडे थंडी पडते कुठे?'

अंकुशनगर म्हटलं की समर्थ सहकारी साखर कारखाना आठवतो. अंबड तालुक्याचा हा भाग, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आणि त्यावर उभा असलेला ऊस. कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि बराचसा थंडीतच जातो. डिसेंबर-जानेवारीत जालना जिल्ह्यात पारा 10-12 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. रात्रपाळीचा कामगार, पहाटेच्या अंधारात फडात उतरणारी ऊसतोड जोडपी, त्यांच्या कोपीत निजलेली तान्ही पोरं या सगळ्यांना ही थंडी चांगली ठाऊक आहे. मे महिन्यातल्या उन्हावरून वर्षाचा हिशोब करणाऱ्यांनाच ती आठवत नाही.

आणि विणकाम म्हणजे लोकरच, हेही खरं नाही. सुयांवर विणलेल्या कापडाचे जगातले सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. साधारण 11 व्या ते 14 व्या शतकांमधले हे मोजे आणि त्यांचे तुकडे आहेत, आणि त्यांतले कितीतरी सुती आहेत, निळ्या-पांढऱ्या धाग्यांत नक्षी काढलेले. ही कला उष्ण देशात, कापसाच्या धाग्यावर एवढी पुढे गेली होती. त्याहून जुने, रोमन काळातले मोजेही इजिप्तमध्ये मिळाले आणि पूर्वी ते विणलेलेच समजले जात. पुढे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की ते एकाच शिवणसुईने, फासात फास ओवून केलेले आहेत. ज्या तालुक्यात शेताशेतात कापूस फुटतो, तिथल्या माणसाने विणकाम म्हणजे थंड मुलखातलं काम समजून बाजूला सारावं, याला काही आधार नाही. सुती धाग्याचा रुमाल, भांडी पुसायचं फडकं, बाळाचं उन्हाळी झबलं हे सगळं त्याच दोन सुयांवर होतं. फक्त सुती धागा ताणला जात नाही, म्हणून नवख्या हाताला तो जरा जड वाटतो. पहिल्या महिन्यात मध्यम जाडीची, फिकट रंगाची लोकर बरी. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत टाकाच दिसत नाही, आणि आपल्याला तर तोच पाहायचा आहे.

घोंगडीचं मात्र वेगळं. ती मागावर होते. घोंगडी विणणारा सनगर उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतो आणि त्यातून आडवा बाणा काढतो. दोन दिशांचे धागे एकमेकांना छेदतात, म्हणून घोंगडी ताणली जात नाही. सुयांवरच्या कापडात सगळा खेळ एकाच धाग्याचा असतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर आलेला फास असतो. फासाला हलायला जागा असते, म्हणून स्वेटर अंगाबरोबर ताणतो आणि परत जागेवर येतो.

'शेकडो टाके पाठ करावे लागतात'

हा गैरसमज सर्वांत जास्त माणसांना अडवतो. विणींच्या पुस्तकात वेण्या, जाळ्या, पानं, मोती अशी शेकडो नावं असतात. ती नावं विणींची आहेत. टाके दोनच, सुलट आणि उलट.

सुलट टाक्याला धागा सुयांच्या मागे ठेवायचा. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागे घालायची, तिच्या टोकावरून धागा घ्यायचा, तो फास टाक्यातून समोर ओढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. उलट टाक्याला धागा समोर घ्यायचा, सुई मागून समोर घालायची आणि फास मागे ओढायचा. एवढंच. नीट पाहिलं तर हे दोन टाकेही वेगळे नाहीत. सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका. एकात फास आपल्याकडे ओढला, दुसऱ्यात आपल्यापासून दूर.

हे समजलं की पुढचं आपोआप उलगडतं. प्रत्येक ओळ सुलट विणली तर दोन्ही बाजूंना आडव्या कंगोऱ्यांचं जाड कापड का होतं? कारण कापड फिरवून विणताना एका ओळीचे 'व्ही' या बाजूला येतात, दुसरीचे त्या बाजूला. म्हणून एक कंगोरा म्हणजे दोन ओळी. ओळी मोजायला वही लागत नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली तर बनियनसारखं गुळगुळीत कापड होतं. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट असं आलटून-पालटून विणलं, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसणाऱ्यावर सुलट, उलट दिसणाऱ्यावर उलट घातला, की मनगटाला आणि कमरेला लागते ती ताणणारी पट्टी तयार होते. जाळीसाठी धाग्याचा एक जादा वेढा आणि दोन टाके एकत्र; वेणीसाठी टाक्यांची जागाबदल. मूळ टाका तोच.

म्हणून नवशिक्याला मी सांगेन: नमुना तोंडपाठ करू नका, मागच्या ओळीकडे बघा. पुढचा टाका सुलट हवा की उलट, हे बहुतेक वेळा तीच सांगते.

'कडा गुंडाळतात, म्हणजे माझा हात वाईट'

हात वाईट नाही. जुना टी-शर्ट खालून कापा आणि कापलेली कड ओढा; तीही गुंडाळते, आणि ती तर यंत्राने विणलेली आहे. एक ओळ सुलट, एक उलट असं कापड स्वभावानेच वळतं: वरची-खालची कड सुलट बाजूकडे, दोन्ही बाजूंच्या कडा उलट बाजूकडे. पाण्यात भिजवून, ताणून वाळवलं तरी ते थोडंच कमी होतं. मफलर विणायचा तर चारी बाजूंना चार-पाच टाक्यांची किंवा ओळींची सगळी सुलट पट्टी ठेवा, किंवा सगळाच मफलर सुलट ओळींचा करा.

'टाका गळला की सगळं उसवायचं'

किती विणकाम या समजुतीपायी अर्ध्यावर पडून राहिलं असेल! गळलेला टाका आडवा पसरत नाही. तो फक्त त्याच्या खालच्या टाक्यांत, सरळ उभ्या रेषेत उतरतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी ठेवतो. खरखरीत लोकरीत तर तो बराच वेळ जागचा हलतही नाही. प्रथम त्या मोकळ्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो थांबेल. मग कापडाची सुलट बाजू समोर घ्या, क्रोशाची सुई त्या फासात घाला, शिडीची सर्वांत खालची पायरी पकडा आणि फासातून ओढून घ्या. मग वरची पायरी, मग त्याच्या वरची. शेवटी फास डाव्या सुईवर चढवा. कुठे गळला होता, ते तुम्हालाही शोधून सापडणार नाही.

टाके 'आपोआप' वाढतात, ही तक्रारही तितकीच नेहमीची. टाके आपोआप वाढत नाहीत. त्याची दोन कारणं असतात. पहिलं ओळीच्या आरंभी: धागा सुईच्या वरून मागे गेला असेल, तर पहिला टाका ओढला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. धागा सुईच्या खालून मागे न्या. दुसरं कारण सुलटावरून उलटावर जाताना: धागा दोन सुयांच्या मधून न आणता सुईवरून आणला, तर एक फुकटचा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत तो टाका होतो, खाली भोक ठेवून. पहिले काही दिवस प्रत्येक ओळीनंतर टाके मोजले, तर चूक एका ओळीतच सापडते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सहसा सांगत नाही. सुईवर टाका स्वार झाल्यासारखा बसतो. त्याचा उजवा पाय सुईच्या समोर आणि डावा मागे हवा. धागा उलट दिशेने गुंडाळला, तर पाय उलटे बसतात. मग टाका नेहमीसारखा समोरून विणला की 'व्ही'चे पाय एकमेकांवर चढतात आणि कापड ताठर होतं. अनेक जणी वर्षानुवर्षं असं विणतात आणि लोकरीला दोष देतात.

'घट्ट विणलं म्हणजे टिकतं'

घट्ट विणलं म्हणजे बोटं दुखतात आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. टाका सुईवर सहज सरकला पाहिजे. सुरुवातीचे टाके घालताना तर ते फारच आवळले जातात. तेव्हा दोन सुया जोडून त्यांवर घाला आणि मग एक काढून घ्या. टाके बंद करताना एक जाड सुई वापरा, नाहीतर सुंदर विणलेल्या स्वेटरचा गळा डोक्यातून जात नाही.

प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी असते, आणि ती सुधारण्यापेक्षा मोजणं महत्त्वाचं. म्हणून साधारण 15 सेंटिमीटरचा चौकोन आधी विणावा, धुवावा, वाळवावा, आणि मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजावं. हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण हिशोब पाहा. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 20 टाके धरले आहेत आणि 90 सेंटिमीटर घेरासाठी 180 टाके सांगितले आहेत. तुमच्या हाताने 22 बसत असतील, तर त्याच 180 टाक्यांत घेर जेमतेम 82 सेंटिमीटर होईल. फरक फक्त दोन टाक्यांचा, पण स्वेटर धाकट्या भावाला.

सुयांच्या नंबरांचा घोळ याहून वाईट. आपल्या दुकानात मिळणाऱ्या सुयांवर जुना ब्रिटिश क्रम चालत आलेला आहे. निलगिरीत केट्टी इथे तयार होणाऱ्या 'पोनी' सुया घराघरांत आहेत. या क्रमात आकडा वाढला की सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25, 14 नंबर म्हणजे 2. अमेरिकी क्रम नेमका उलटा आहे. तिथली 10 नंबरची सुई 6 मिलिमीटरची. मोबाईलवर परदेशी व्हिडिओ पाहून 10 नंबर विकत आणला आणि टोपी बाहुलीची झाली, तर त्याचं कारण इथे आहे. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

धागा उजव्या हातात धरावा की डाव्या, याबद्दल मात्र वाद घालू नये. इंग्रजी पद्धतीत तो उजवीकडे असतो, युरोपात अनेक ठिकाणी डावीकडे; पोर्तुगाल आणि पेरूत तो मानेमागून घेतात. कापड एकच निघतं. दोन्ही हात सतत कामात असतात, म्हणून डावखुऱ्यांनाही अडचण नाही. आणि हे बायकांचं काम म्हणणाऱ्यांनी पेरूतल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाकडे पाहावं. तिथल्या टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात, आणि त्या वस्त्रकलेला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

'लोकर आहे, बाळाला उबदारच असणार'

इथे थोडं थांबून वाचावं, कारण हा गैरसमज धोक्याचा आहे. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणाऱ्या गुंड्यांपैकी बहुतेक अॅक्रिलिक असतं. ते स्वस्त, मऊ, धुवायला सोपं. त्यात वाईट काही नाही. पण आगीपाशी दोन्हींचं वागणं वेगळं आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचं भांडं ठेवून पेटवून पाहा. मेंढीची लोकर केस जळल्याचा वास देते, लवकर विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक भरभर पेटतं, वितळतं आणि कडक काळा मणी मागे ठेवतं. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देतात, शेगडी ठेवतात. हिवाळ्यात कोपीपुढे शेकोटी असते. वितळलेलं अॅक्रिलिक कातडीला चिकटतं. शेकाच्या वेळी बाळाच्या अंगावर सुतीच कपडे असावेत.

बाळाच्या टोपीला गळ्याखाली बांधायची लांब दोरी लावू नये. ती गळ्याशी आवळण्याची भीती असते. मोठ्या भोकांची जाळी आणि आतून लोंबणारे धागे नकोत, बाळाची बोटं त्यांत अडकतात. बंद उबदार खोलीत झोपलेल्या, नीट वाढलेल्या बाळाला टोपीची गरज नसते. डोक्यावाटे त्याची बरीच जादा उष्णता बाहेर पडते. बाहेर नेताना टोपी घालावी. कमी वजनाच्या बाळाबद्दल डॉक्टर सांगतील तसं करावं.

अशी टोपी नवशिक्यालाही पहिल्याच महिन्यात जमते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 33 ते 35 सेंटिमीटर असतो आणि विणलेलं कापड ताणतं, म्हणून 32 सेंटिमीटर धरा. तुमच्या चौकोनात 10 सेंटिमीटरला 24 टाके बसत असतील, तर 76 टाके घाला. आठ ओळी दोन सुलट-दोन उलट विणा. मग एक ओळ सुलट, एक उलट, सुरुवातीपासून 12 सेंटिमीटर उंची होईपर्यंत. त्यानंतर एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र सुलट विणत गेलं की 38 उरतात. एक ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, आता 19. धागा हातभर ठेवून तोडा, मोठ्या सुईत ओवून त्या 19 टाक्यांतून काढा, ओढून घ्या आणि त्याच धाग्याने बाजू शिवून टाका. पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात ही टोपी होऊन लोकर उरते, आणि हंगामात कारखान्याभोवतीच्या कोप्यांमध्ये ती घालायला डोकी पुष्कळ आहेत.