कापशी घारीचे चित्रण : दुर्बिणीस मोबाइलची जोड

शेतावर घिरट्या घालणारी प्रत्येक घार कोंबडीची पिल्ले उचलण्यासाठीच येते, असा समज गावोगाव आढळतो. त्यापायी कापशी घारीसही हुसकून लावले जाते. वास्तविक हा पांढुरका, काळ्या खांद्यांचा व लाल डोळ्यांचा लहानसा पक्षी पिकावर अधांतरी थांबून खाली झेपावतो, तो बहुधा उंदरासाठी. हे तोंडी सांगून पटत नाही; चित्र दाखविल्यास पटण्याचा संभव अधिक.

त्यासाठी ८×४२ ची दुर्बीण पुरेशी होते. तीतून वस्तू आठपट मोठी दिसते. पण हाताचा कंपही तितकाच वाढतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दुर्बीण तिकाटण्यास घट्ट बांधावी. प्रथम डोळ्याने पाहून दृश्य स्पष्ट करून घ्यावे. नंतर मोबाइलचे भिंग दुर्बिणीच्या डोळ्याकडील एका भिंगाच्या बरोबर मध्यावर आणावे. कडेस काळे वर्तुळ दिसल्यास मोबाइल किंचित मागेपुढे करावा. दोहोंना जोडणारी पकड बाजारात मिळते. दुर्बीण सूर्याकडे कदापि रोखू नये; घरट्याजवळही जाऊ नये.

कापशी सकाळी व मावळतीच्या सुमारास वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसते. पकडलेला उंदीर पायांत धरून ती तेथेच फाडून खाते. तेवढा अवधी चित्रणास पुरतो.