रिंगा जातात म्हणजे काय होते?

'इंजिनाच्या रिंगा गेल्या' हे वाक्य खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारमारून सुरू होत नाही, मिस्त्री येतो, हे वाक्य उच्चारतो आणि घरातल्यांचे चेहरे उतरतात. कारण तिकडे ऊस वाळत असतो. मी कलाशाखेचा विद्यार्थी खरा, पण या वाक्याचा अर्थ लावल्यावाचून मला राहवले नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबतो. त्यामुळे ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते व फवारलेले डिझेल आपोआप पेटते. आता दट्ट्या घट्ट बसवावा, तर तापून फुगल्यावर तो अडकेल. सैल ठेवावा, तर हवा बाजूने निसटेल. म्हणून त्याच्या खाचांत एका जागी कापलेल्या बिडाच्या कड्या घालतात. त्याच रिंगा. वाफेच्या इंजिनात पूर्वी दट्ट्याभोवती दोर गुंडाळीत. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने 1854 च्या सुमारास कापलेल्या धातूच्या कड्या पुढे आणल्या.

रिंगेला स्प्रिंगसारखा स्वतःचा ताण असतो. पण जळत्या वायूच्या, वातावरणाच्या 60-70 पट दाबापुढे त्याचा काय पाड! खरी गंमत पुढेच आहे. रिंग खाचेत किंचित सैल असते. वरून आलेला वायू तिला खाचेच्या खालच्या कडेवर रेटतो आणि तिच्या मागे शिरून तिलाच सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. दाब जितका अधिक, तितकी रिंग घट्ट. चोराकडूनच दाराला कडी लावून घ्यावी, तसा हा प्रकार!

कापलेल्या तोंडाची बारीक फट ठेवावीच लागते. नाहीतर तापल्यावर टोके भिडून रिंग मोडेल. म्हणून रिंगा एकाहून अधिक असतात व त्यांची तोंडे एकाखाली एक येऊ देत नाहीत. सर्वांत खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडते. उरलेला पातळ थर बारीकसारीक फटी बुजवतो.

रिंग झिजली किंवा काजळीने खाचेत चिकटली, की वायू खाली उतरतो, ब्रीदरमधून धूर येऊ लागतो. हँडल मारताना तर दट्ट्या सावकाश चालतो. हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो, ती पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा हँडल फिरवतो. ते जड लागले, तर दोष बहुधा रिंगांचा. हलकेच राहिले, तर व्हॉल्व्ह पाहावे. खर्चात पडण्याआधी हा प्रयोग करून घ्यावा, असे मी सुचवीन. शिवाय लायनर झिजून लंबगोल झाला असेल, तर नुसत्या नव्या रिंगांनी भागत नाही. गोल रिंग लंबगोल भोकात बसणार कशी?