तांबं कुठे गेलं?

होस्टेल किंवा पीजीवर राहायला गेलं की पहिली खरेदी कसली? एक्स्टेंशन बोर्डची! खोलीत सॉकेट एक आणि राहणारे चौघं. दुकानदार दोन बोर्ड पुढे ठेवतो. दिसायला अगदी जुळी भावंडं, किमतीत मात्र निम्म्याचा फरक. ‘सेम टू सेम आहे रे, ने बिनधास्त,’ म्हटल्यावर आपण स्वस्तातला उचलतो. पण मंडळी, हा फरक येतो कुठून?

तो येतो बोर्डच्या पोटातून. वायरीत महाग असतं ते तांबं, आणि नकली माल बनवणारा नेमकं तेच मारतो. तार बारीक करतो, नाहीतर अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा चढवतो. आता दहावीचं विज्ञान आठवा. तारेचं क्षेत्रफळ निम्मं केलं की रोध दुप्पट, म्हणजे तेवढ्याच करंटला उष्णताही दुप्पट. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा जास्त करंट ओढते. 6 अँपिअरच्या अस्सल बोर्डला तो सहज पेलतो; नकली बोर्ड मात्र तापायला लागतो.

‘एमसीबी आहे ना, पडेल की!’ इथेच गफलत होते. एमसीबी पडतो तो करंट प्रमाणाबाहेर वाढला की. सॉकेटच्या आतली पत्र्याची पट्टी सैल असेल, तर करंट वाढत नाही, फक्त तो सांधा तापत राहतो. एमसीबीला पत्ताच नसतो. प्लास्टिक करपल्याचा वास हीच काय ती सूचना, आणि ती रात्री सगळे झोपलेले असताना कोण घेणार?

चार्जरचीही तीच गत. 230 व्होल्टची बाजू आणि फोनकडची 5 व्होल्टची बाजू यांच्यात पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन लागतं. नकली चार्जरमध्ये तिथेच काटकसर होते. मग शॉक बसू शकतो किंवा फोन कायमचा जातो. वॉरंटी नाही, बिल नाही, भांडणार कुणाशी? बिलाशिवाय विकलेल्या मालावरचा जीएसटीही सरकारला मिळत नाही. आणि चाचण्यांवर खर्च करून नीट माल बनवणारा कारखानदार किमतीत मार खातो, ते वेगळंच.

मग करायचं काय? वायर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांवर आयएसआय मार्क बघा. मार्कच्या वर आयएस क्रमांक (घरगुती वायरीसाठी 694) आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. मोबाइल चार्जर, पॉवर बँकवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. नुसत्या छापावर जाऊ नका, छाप कुणीही मारतं! ‘बीआयएस केअर’ अॅपवर क्रमांक टाका. परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे का, सगळं कळतं. जुळलं नाही तर तिथेच तक्रार करा, किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन लावा. 2016च्या बीआयएस कायद्यानुसार खोटा मार्क वापरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड होऊ शकतो.

लोहार चाळ असो, तपकीर गल्ली असो की ऑनलाइन सेल, पक्कं बिल घ्याच. आणि आज खोलीवर गेलात की तुमच्या बोर्डला हात लावून बघा. गरम लागतोय? मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि तो बोर्ड पुन्हा वापरू नका.